एक जण बाकी

चंद्रवसाहतीच्या शाळेत कुमुद तांडेलबाई पाठाचं उद्दिष्ट लिहीत होत्या आणि उद्दिष्टपाल ते तिसऱ्यांदा नाकारत होता. उद्दिष्टपाल म्हणजे शाळेच्या भिंतींतलं यंत्र. ठरवलेलं उद्दिष्ट पुरं झालेलं त्याने स्वतः पाहिलं, की हिरवा दिवा लागे. आज तो लागला तरच मुलांना वसाहतीबाहेर सहलीला जाता येणार होतं, आणि मुलांना तर सहलीपुढे जेवण सुचत नव्हतं.

"'मुलांना कमी गुरुत्वाकर्षण समजेल' यात वाईट काय आहे?" बाई वैतागल्या.

"समजलेलं त्याला दिसत नाही, बाई," यंत्रज्ञ इक्बाल मुकादम म्हणाला. "माणूस काय करताना दिसेल ते लिहा. आणि पाठ सुरू झाला की शब्द बदलता येत नाही, सांगून ठेवतो."

बाईंनी लिहिलं, 'वर्गातील प्रत्येक जण सराव-दालनातला पंधरा फूट रुंदीचा खोल खड्डा कुणाचा हात न धरता एका उडीत ओलांडेल.' यंत्राने ते मुकाट्याने मान्य केलं.

चंद्रावर वजन सहावा हिस्सा. दालनात मुलं खिदळत टोळांसारखी खड्ड्यापलीकडे गेली. दिवा मात्र ढिम्म.

"एक जण बाकी आहे," उद्दिष्टपाल म्हणाला.

बाईंनी डोकी मोजली. सगळी पलीकडे होती, आणि सगळी त्यांच्याकडेच पाहत होती.

"अरे, मी शिक्षिका आहे."

"आपण वर्गात आहात."

उंबरठ्याबाहेर उभ्या इक्बालने धूर्तपणे आणखी एक पाऊल मागे घेतलं. लहानपणी श्रीवर्धनला बाई विहिरीत पडल्या होत्या. तेव्हापासून खोल काही दिसलं की त्या लांबूनच वळत. म्हणूनच सहलीला इक्बालला धाडून आपण मागे राहायचं त्यांनी गुपचूप ठरवलं होतं.

"बाई, गुडघे वाकवा, खाली बघू नका," पलीकडून रेवती म्हणाली. मघाशी बाईंनीच तिला हे शिकवलं होतं.

बाईंनी डोळे मिटले आणि पृथ्वीवरच्या सवयीने जीव खाऊन उडी मारली. एवढा जोर कुणी मागितला होता? खड्डा, मुलं, सगळं ओलांडून त्या पार मागच्या गादीवर जाऊन पडल्या. दिवा हिरवा झाला आणि दालनात एकच कल्ला उठला.

सहलीचे पोशाख वाटताना इक्बालने एक न विचारताच बाईंपुढे धरला. त्यांनी तो घेतला.

"काय रे, गेली का बाईंची भीती?" त्याने यंत्राला विचारलं.

"भीती मला दिसत नाही," उद्दिष्टपाल म्हणाला. "बाई हसताना दिसल्या."