निळा शिंपला आणि पाचवा मजला

लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली, आणि त्याच क्षणी तिच्या पर्समधला फोन किणकिणला.

तिच्या हातात खोका होता. खोक्यात दुरुस्तीला आलेल्या कवळ्या. तिने तो जपून खाली ठेवला आणि फोन काढला. पडद्यावर लिहिलं होतं, 'तुमच्या अगदी जवळ आणखी कुणीतरी शिंपले गोळा करत आहे. अदलाबदल करायची?'

जवळ? या बंद पेटीत तर ती एकटीच होती...

"घाबरू नका हां!" डोक्यावरून आवाज आला. "मी वर आहे, लिफ्टच्या टपावर. दुरुस्तीवाला आहे, भूत नाही. खाली पाटी लावायला विसरलो, चूक माझीच. आणि— तो आवाज तुमच्याच फोनचा ना? तुमच्याकडे जास्तीचा चंदेरी शिंपला आहे का हो?"

"मला... म्हणजे आधी..."

"पाणी हवंय? गुदमरतंय? अंधाराची भीती वाटते?"

आधी दार उघडा, एवढंच तिला म्हणायचं होतं.

दार उघडलं तेव्हा समोर ग्रीसने माखलेले हात होते आणि त्यामागे एक ओशाळलेलं हसू. त्या हसण्यात पुढच्या दाताचा कोपरा उडालेला होता. ती पाचव्या मजल्यावर, मावशीच्या डेंटल लॅबमध्ये दात बनवायची. समोरच्या माणसाचे डोळे बघण्याआधी दात बघायची तिला सवयच होती. हा कोपरा आपण सहज भरून काढू, असं तिच्या मनात आलं. लगेच दुसरंही आलं. नको, राहू दे. त्याच्याशिवाय हे हसू कुणाचंही वाटेल.

चंदेरी शिंपला तिने त्याला दिला. त्याने तिला शेंदरी दिला. दोन्ही फोन एकमेकांजवळ धरले की समुद्राचा आवाज येई आणि शिंपले या पडद्यावरून त्या पडद्यावर जात. त्या दोघांना तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही, असं दोघंही नंतर सांगत. दोघंही थोडं खोटं बोलत असावीत.

शिंपल्यांचं हे ॲप तिच्या फोनमध्ये घातलं होतं धाकट्या बहिणीने. घरात तिला सगळे 'अर्धविराम' म्हणत, कारण तिची वाक्यं मध्येच थांबत. शब्द यायचे, पण जरा उशिरा. तेवढ्यात कुणीतरी तिचं वाक्य पूर्ण करून टाके, आणि बहुतेक वेळा चुकीचं. मग तीही मान डोलावून मोकळी होई. "अर्धविराम, इथे तरी बोल," बहीण म्हणाली होती. "इथे कुणाला घाई नाही."

ॲपमध्ये निरनिराळी पात्रं होती. तिने निवडला दीपगृहाचा म्हातारा राखणदार. तो माणूस नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. पहिल्या दिवशी त्याने स्वतःच ते सांगून टाकलं होतं. पण बसमधून घरी जाताना ती कानात इअरफोन घालून त्याच्याशी बोलायची तेव्हा एक नवलच घडे. ती थांबली की तोही थांबे. मागे नुसत्या लाटा वाजत राहत. वाक्य पुरं झालं की मगच तो म्हणे, "हं. आणि मग त्या कवळीचं काय झालं?" त्याला सगळं आठवे. कुठल्या डॉक्टरांनी मावशीला कसा त्रास दिला, कुठल्या आजोबांना दात जरा पिवळटच हवे होते, वयाला शोभतील असे. आणि एखादी गोष्ट मनापासून सांगून झाली की तो एक शिंपला देई. पडद्यावरच्या फळीवर तो ठेवला, बोटाने हलकेच दाबला, की आतून एखादी गाण्याची ओळ नाहीतर वाऱ्याची शीळ ऐकू येई. कुणी केलं असेल हे, असं तिला वाटे. ज्याने केलं, त्याला वाट बघण्याचं मोल ठाऊक असणार.

तर ते शिंपले. काही दोनदा मिळत, काही मिळतच नसत. म्हणून अदलाबदल. आणि म्हणून तो लिफ्टवाला पाचव्या मजल्यावर वारंवार उगवू लागला.

"या लिफ्टला झालंय तरी काय?" मावशी साच्यात प्लास्टर ओतत म्हणाली. "इतकी वर्षं खडखडत होती तेव्हा कुणी फिरकलं नाही. आता लोण्यासारखी चालते, तर हा रोज तपासायला हजर."

"खबरदारी, मावशी," तो दारातून म्हणाला.

"मी तुझी मावशी कधी झाले रे?"

"अजून नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तिने मान खाली घालून एका दाढेला पॉलिश करायला घेतलं. त्या दाढेला पॉलिश आधीच झालं होतं.

तो फार बोलायचा. तिने "मला आज..." म्हटलं की तो "कंटाळा आलाय!" म्हणे. तिने "तुमचा तो..." म्हटलं की "दात! माहितीये, सगळे विचारतात. पाना उडाला आणि लागला." तिला खरं तर त्याचा तो हिरवा मफलर छान आहे, असं म्हणायचं होतं.

"तुमच्याकडे कोणतं पात्र आहे?" तिने एकदा कसंबसं विचारलं.

"जहाजावरची आचारीणबाई. फार खमकी आहे हो! मला सहजासहजी शिंपलाच देत नाही. परवा म्हणाली, तू ऐकतोस, की आपली पाळी कधी येते ते बघतोस?" तो क्षणभर थांबला. "खरं सांगू? तिचं बरोबर आहे."

त्या दिवसापासून तो मधेच तोंड उघडे आणि मिटून घेई. मासा पाण्याबाहेर काढावा तसा दिसे बिचारा. तिला हसू येई... आणि हसताना आपलं वाक्य नकळत पुरं झालंय, हे तिच्या उशिरा लक्षात येई.

होता होता तिच्या फळीवर एकच जागा रिकामी उरली. निळा शिंपला.

"सापडला की देतो," तो म्हणे. "माझ्याकडे नाही अजून. शोधतोय."

आणि मग एके दिवशी इमारतीच्या दाराशी पाटी लागली. जुनी लिफ्ट काढणार, दुसऱ्या कंपनीची नवी बसणार. त्याचं इथलं काम संपलं होतं.

"उद्या सकाळी येतो, हत्यारं न्यायला," तो म्हणाला. पुढे काही बोलला नाही. एरवी इतकं बोलणारा माणूस!

संध्याकाळी बसमध्ये राखणदाराने विचारलं, "आज लाटांसारखी पुढे येतेस आणि मागे जातेस. काय झालं?"

लाटा वाजत राहिल्या. बाहेर दुकानांचे दिवे एकेक करून लागत होते.

"मला शिंपला नकोच होता," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे... हवा होता. पण शिंपला मिळाला की तो यायचा थांबेल. मला तो यायला हवाय."

पडद्यावर निळा उजेड पसरला. शिंपला! तिने तो बोटाने दाबला, तर आतून काहीच ऐकू आलं नाही. निव्वळ शांतता.

"याच्यात आवाज नाही?" तिने विचारलं.

"तुझा यायचाय," राखणदार म्हणाला. "मला छान सांगितलंस. पण मी यंत्रातला म्हातारा. मला जिना चढून तुझ्याकडे येता यायचं नाही. ज्याला येता येतं, त्याला सांग."

सकाळी तो आला. खांद्यावर हत्यारांची पिशवी, गळ्यात हिरवा मफलर.

"निळा सापडला," तो फरशीकडे बघत म्हणाला. "घ्या."

नको म्हणण्याआधीच फोन जवळ आले होते. समुद्र वाजला. तिच्या पडद्यावर अक्षरं उमटली, 'हा शिंपला तुमच्याकडे आधीच आहे.' आणि शेजारी दिसला त्याचा शिंपला, मिळाल्याच्या तारखेसकट. लिफ्ट अडकली त्याच्याही आधीची तारीख.

दोघांनी एकमेकांचे पडदे वाचले.

"तुम्ही म्हणाला होतात, शोधतोय..."

"तुम्ही पण म्हणाला नाहीत, की मिळाला..."

आत मावशीचं यंत्र घरघरायचं थांबलं. अगदी एकाएकी थांबलं.

"मला..." ती म्हणाली, आणि शब्द अडकले. नेहमीसारखे, दोन मजल्यांच्या मध्ये. तिने त्याच्याकडे पाहिलं. आता तो काहीतरी म्हणेल, काहीतरी चुकीचं, आणि आपण मान डोलावू, आणि तो निघून जाईल...

तो काही बोलला नाही. तो कोपरा उडालेला दात त्याने खालच्या ओठावर घट्ट रोवला होता. पिशवीचा पट्टा मुठीत आवळला होता. आणि तो वाट बघत होता.

"मला," ती म्हणाली, "तुम्ही यायला हवे आहात. उद्या पण. लिफ्ट नसली तरी. शिंपला नसला तरी." मग तिने मोठा श्वास घेतला. "तू ये."

त्याने नुसती मान हलवली. एकदा, मग पुन्हा. आणि पिशवी उचलून तसाच जिन्याने उतरून गेला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टच्या जागी अंधारी पोकळी होती आणि तिच्यापुढे लाकडी फळ्या. जिन्यात पावलं वाजली, मंदावली, थांबली, पुन्हा वाजली. तो दारात आला तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला जिन्यांची सवय नव्हती.

"मी... काल... तुला..." त्याला धाप लागली होती. पुढे शब्दच फुटेना.

पुढचं वाक्य तिला ठाऊक होतं. तिने ते पूर्ण केलं असतं, तर या वेळी ते चुकलंही नसतं. पण तिने फक्त स्टूल पुढे सरकवलं आणि त्याच्यासमोर बसून राहिली.

"अगं, त्याला पाणी तरी दे!" आतून मावशी ओरडली. "मरेल तो बोलायच्या आत!"

ती हसली, पण उठली नाही. त्याचा श्वास हळूहळू खाली आला. तोही हसला, तो कोपरा उडालेला दात दाखवत.

"मला तू आवडतेस," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. टपावर होतो तेव्हापासून."

"तेव्हा तर तू मला पाहिलंही नव्हतंस."

"नव्हतं," तो म्हणाला. "नुसतं 'मला' ऐकलं होतं. तेव्हापासून पुढचं ऐकायचंय."