गुरुवारची चारची वेळ

डॉक्टर त्रिविक्रम यांचा दवाखाना बसवनगुडीत होता. बैठं घर, लाल फरशी, पुढे वऱ्हांडा, मागे केळी आणि केळींपलीकडे उताराची गल्ली. ते मनाचे डॉक्टर होते. सुई नाही, औषधाची बाटली नाही. माणसाला समोर बसवून पन्नास मिनिटं त्याचं ऐकायचे. त्या काळी, म्हणजे एकोणीसशे एकसष्टच्या सुमाराला, अशा डॉक्टरकडे जाणं ही लपवायची गोष्ट होती. आणि ती लपवून ठेवण्याचं काम विमलाअक्कांचं होतं.

मी तिथे शिपाई होतो. पाटीवर नाव डॉक्टरांचं, पण दवाखाना चालवायच्या अक्का. पेशंट पुढच्या दाराने येई आणि मागच्या दाराने जाई. तो आत गेला की त्याच्या चपला मी उचलून मागच्या पायरीवर नेऊन ठेवायचो. दोन वेळांच्या मध्ये दहा मिनिटं रिकामी, म्हणजे एकाची दुसऱ्याशी नजरानजर नको. वहीत नाव कधीच नाही. राजाजीनगर, होसकोटे, मल्लेश्वरम, एवढंच. तेही मराठीत, कुणी डोकावलं तर कळू नये म्हणून. एका घरची सासू आणि सून दोन वर्षं दर बुधवारी येत होत्या, एक सकाळी, एक दुपारी. दोघींनाही शेवटपर्यंत एकमेकींचं कळलं नाही. असं काम मी पुढे कुठे पाहिलं नाही.

आमचं घराणं तीनशे वर्षं बेंगळूरचं. घरात मराठी, बाजारात कन्नड, आणि अक्षरओळख एकाही भाषेची नाही. माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी अक्कांनी मला शिकवायला घेतलं. दुपारी जेवणानंतर पाटी घेऊन बसवायच्या.

"खंडोजी, हा तुमचा ग आहे की ढेरी सोडून बसलेला सावकार?"

"अक्का, या वयात हात वळत नाही."

"चपला उचलताना बरा वळतो. लिहा परत."

वारांची नावं मी आधी शिकलो. मग पेठांची. वर्षभरात वही वाचता येऊ लागली.

वहीतला गुरुवारचा चारचा चौकोन कायम कोरा असायचा. तिथे अक्का पेन्सिलीने एक बारीक टिंब देत, बस. त्या वेळी बाहेरच्या खोलीत स्टुलावर पाण्याचं तांब्याचं भांडं ठेवत आणि मला मागे केळींना पाणी घालायला पाठवत. डॉक्टरांच्या खोलीचं दार लागलेलं असे. मी समजत होतो, ती त्यांची विश्रांतीची वेळ. पाच वाजता भांडं उचलायला जाई तेव्हा ते रिकामं असायचं. डॉक्टर प्यायले असतील, एवढाच माझा विचार.

त्या वर्षी माघात अक्कांना ताप आला. आठ दिवस वही माझ्याकडे सोपवून त्या घरी राहिल्या. जाताना एकच सांगितलं, "आलेल्याला परत पाठवायचं नाही. आणि कोण आलं ते कुणाला सांगायचं नाही. बाकी तुम्हाला ठाऊक आहे."

मंगळवारी उमाकांतराव आले. पुण्याकडचे इंजिनियर, सरकारी कारखान्यात नोकरीला. त्यांची बायको प्रतिमाबाई. मूल जन्मून तिसऱ्या दिवशी गेलं, तेव्हापासून सात महिने त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"मला याच आठवड्यातली वेळ द्या हो," ते म्हणाले. "शनिवारी माझे थोरले भाऊ येताहेत. त्यांनी तिला लांब, वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं पक्कं केलंय. तिकिटं काढून झाली."

"आणि तुम्ही?"

"मी काय सांगू त्यांना? 'ती बोलेल' म्हणून सांगू? सात महिने सांगतोय. एकदा डॉक्टरांना पाहू दे. मग माझी काही तक्रार नाही."

मी पानं उलटली. सगळे चौकोन भरलेले. फक्त गुरुवारचा चार रिकामा. डॉक्टरांना विचारावं असं मनात आलं, पण डॉक्टर नेहमी म्हणत, "वेळ अक्कांची, माणूस माझा." वहीकडे ते बघतही नसत. मी रबराने टिंब पुसलं, फुंकर मारली, आणि माझ्या गोल अक्षरात 'जयनगर' लिहिलं. दवाखान्याच्या वहीत मी लिहिलेला तो पहिला शब्द. उमाकांतरावांनी माझे दोन्ही हात धरले. मला फार बरं वाटलं.

गुरुवारी साडेतीनला अक्का आल्या. अंगावर शाल, चेहरा उतरलेला. वही उघडून त्यांनी बराच वेळ त्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो अक्का. वेळ मोकळी होती."

"इथं टिंब होतं."

"पुसलं. डाग वाटला."

त्या रागावल्या नाहीत. खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. मी सगळं सांगितलं, शनिवारच्या तिकिटांपर्यंत. तेवढ्यात फाटकाशी घोड्याचा जटका थांबला.

"त्यांना दुसरी वेळ सांगू का, अक्का?"

"आल्यात ना त्या? मग झालं."

त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. तिथे वेताच्या दोन खुर्च्या होत्या. अक्का खिडकीजवळच्या खुर्चीसमोर उभ्या राहिल्या, पदर सावरला, आणि दवाखान्यात येणाऱ्या कुठल्याही माणसाशी बोलत तशाच मऊ आवाजात बोलल्या.

"आज आमची चूक झाली. तुमच्या वेळेला आणखी एक बाई आल्यात. त्यांना फार गरज आहे. स्वल्प सरकून बसता का?"

खोलीत कुणी नव्हतं.

अक्का थांबल्या. उत्तर ऐकावं तशी त्यांची मान किंचित कलली. मग त्या म्हणाल्या, "सरी, बरं. उपकार झाले."

वेत करकरला. मी तो आवाज ओळखतो. माणूस हलला की तो येतो.

स्टुलावर त्यांनी दोन भांडी ठेवली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, डॉक्टर या खोलीत कधीच येत नाहीत.

उमाकांतरावांना मागच्या गल्लीत जाऊन थांबायला सांगितलं. प्रतिमाबाई आत आल्या. किडकिडीत बाई, डोळे जमिनीला लावलेले. अक्कांनी दाखवलेल्या दुसऱ्या खुर्चीवर बसल्या. थोड्या वेळाने त्यांनी शेजारी पाहिलं. मग साडीचा सोगा हलकेच ओढून घेतला. कुणी त्यावर बसलं असावं तसा.

मी अक्कांकडे पाहिलं. त्या वहीत काही लिहीत होत्या.

चार वाजले.

डॉक्टरांनी दार उघडलं आणि नेहमीसारखं म्हणाले, "या."

प्रतिमाबाई उठल्या. दारापर्यंत गेल्या, आणि एका बाजूला झाल्या.

"तुम्ही आधी," त्या म्हणाल्या.

सात महिन्यांतला पहिला शब्द. आवाज गंजलेला, पण स्पष्ट.

दाराच्या चौकटीत जरा वेळ कुणीच हललं नाही. मग त्या आत गेल्या. दार लागलं.

"चपला, खंडोजी," अक्का म्हणाल्या.

मी चपला उचलल्या. एकच जोड होता. मागच्या पायरीवर नेऊन ठेवला. आतून डॉक्टरांचा आवाज येत होता, मग बाईंचा, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा बाईंचा. एकदा त्या हसल्या.

पन्नास मिनिटांनी मागचं दार उघडलं. उमाकांतराव जटक्याशी उभे होते.

"अहो, फार वेळ थांबावं लागलं का तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

ते केळीच्या बुंध्याला हात लावून तसेच उभे राहिले. मग डोळे पुसत माझ्याकडे वळले. "दादाला आजच तार करतो. तिकिटं परत. खंडोजीराव, तुम्ही ती वेळ दिली नसती तर..."

मी अक्कांकडे पाहिलं. त्या मागच्या दारात शाल घट्ट ओढून उभ्या होत्या. प्रत्येक पेशंटला म्हणत तसंच त्या म्हणाल्या, "सावकाश जा." पण त्या प्रतिमाबाईंकडे बघत नव्हत्या. त्यांच्या डाव्या खांद्यामागे बघत होत्या, आणि त्यांनी हात जोडले होते.

नवराबायको मागून जटक्यात चढली. पुढे चढ होता. जटकेवाला म्हातारा, वजनावर हात बसलेला माणूस. गाडीची दांडी घोड्याच्या पाठीवरून वर उचलली जात होती. त्याने मागे न बघताच हाक दिली.

"साब, पिच्छे वजन जास्ती हुआ. आगू आव."

उमाकांतराव हसत पुढे त्याच्या शेजारी येऊन बसले. म्हाताऱ्याने लगाम ओढला. घोडा हलेना.

"और एक जन आगू आव."

"अहो, मागे एकटी बायकोच तर आहे."

म्हाताऱ्याने मान वळवून आत पाहिलं. खाली उतरला आणि एका हाताने दांडी खाली दाबत, दुसऱ्यात लगाम धरून घोड्याच्या बाजूने चालू लागला. चढावर गाडी कुरकुरत, हळूहळू निघाली. पुढे उमाकांतराव एकटेच, आनंदाने ताठ बसलेले. मागून प्रतिमाबाईंचं बोलणं वळणापर्यंत ऐकू येत होतं. मधूनमधून त्या थांबत, आणि मग म्हणत, "हो ना, हो ना."