गाण्यातली रिकामी जागा

हे १९८४ सालचं की ८५चं, इथूनच माझी खात्री डळमळते. बर्फ होतं, रविवार होता आणि मी शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर, देशी दुकानात, कढीपत्ता आणायला निघालो होतो, एवढं नक्की. बाकीचं मी मनात इतक्यांदा उगाळलंय, की त्यातलं घडलेलं किती आणि मागाहून चिकटलेलं किती, हे मलाच सांगता येत नाही. तरी सांगतो.

बूट घालत होतो तेवढ्यात चारुदत्तचा फोन आला. चारुदत्त मूळचा नागपूरचा, जनावरांचा डॉक्टर, शिकागोजवळच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयात नोकरीला. मी कानांचा तपासनीस.

"श्रीरंग, एक पेशंट आणतोय. पोक्त बाई आहे. इन्शुरन्स नाही, अंगभर केस आहेत."

"आज क्लिनिक बंद असतं."

"म्हणून तर आज, यार."

ती हैनानची गिबन होती, लांब हातांचं बिनशेपटीचं वानर. हैनान म्हणजे चीनच्या दक्षिण टोकाचं बेट. तिथलं जंगल तोडून रबर लावलं. हरणं कुंपणाआड उरली, आणि हे गिबन तर सगळे मिळून एका मिनीबसमध्ये मावतील इतकेच राहिलेत, असं चारुदत्त म्हणाला. ही तान्ही असताना कुणा व्यापाऱ्याच्या हातून हाँगकाँगमार्गे अमेरिकेत पोचली होती. फिकट सोनेरी अंग, डोक्यावर काळी टोपी घातल्यासारखा डाग.

चीनमधल्या एका प्राणिसंग्रहालयात तिच्या जातीचा एक नर होता. त्याला इकडे पाठवायची बोलणी चालली होती. पण गिबनची जोडी गाण्यावर जमते. सकाळी नर गातो, थांबतो, त्या जागेत मादी उत्तर देते. ही रोज गायची, मध्ये मध्ये थांबायची, पण मागे बादली आपटली तरी वळून बघायची नाही. नर आणायचं ठरवणाऱ्या कमिटीला लेखी हवं होतं. ऐकू येत असेल तर नर येणार. नसेल तर बोलणी कॅन्सल, आणि ही एकटीच मरणार.

"वय निघून चाललंय तिचं," चारुदत्त म्हणाला. "हा शेवटचा चान्स आहे."

आमची ध्वनिबंद खोली कपाटासारखी असते. जाड दार, भिंतींना स्पंज, एक काच. दार लावलं की आत स्वतःचं रक्त ऐकू येतं. चारुदत्तने तिला भूल देऊन टेबलावर झोपवलं. मी डोक्याला तारा चिकटवल्या, लहान मुलांचे हेडफोन चढवले. कानात टिकटिक सोडायची आणि मेंदू काय उत्तर देतो ते बाहेर पडद्यावर पाहायचं. ऐकू आलं, तर रेषेवर ठरलेले उंचवटे उठतात. झोपलेल्या माणसालासुद्धा उठतात.

उजवा कान. रेषा सपाट. डावा. सपाट. आवाज शेवटपर्यंत वाढवला.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

चारुदत्तने चष्मा काढून खिशात ठेवला.

आमच्या कामात एक शिस्त असते. शेवटी आवाज पूर्ण बंद करून एकदा मोजायचं. तेव्हा रेषा सपाटच आली पाहिजे, म्हणजे मशीन खोटं बोलत नाही हे कळतं. मी हेडफोनची वायर उपसून मांडीवर ठेवली आणि बटण दाबलं.

उंचवटे उठले. एकामागून एक, पुस्तकात छापतात तसे.

"अरे, आला की रिस्पॉन्स," चारुदत्त म्हणाला.

मी वायर उचलून त्याला दाखवली.

तारा बदलल्या. दुसऱ्यांदा मोजलं. पुन्हा तेच. बाहेर चार-साडेचारलाच अंधारून आलं होतं, हीटर बंद असल्याने बोटं वाकेनाशी झाली होती. रेषा थोडा वेळ उठायची, मग विस्कटायची, मग पुन्हा उठायची. ती का विस्कटते हे पाहायला मी काचेजवळ गेलो.

तिचं तोंड उघडलं होतं. ओठांचा चंबू झाला होता, गळा थरथरत होता. आतल्या माइकमधून मात्र श्वासाखेरीज काही येत नव्हतं. मग तोंड मिटलं… आणि मागे पडद्यावर उंचवटे उठू लागले.

"चारू… भूल उतरतेय का?"

"नाही रे." तो कुजबुजला. "आत्ता डोळ्याला बोट लावून आलो. पापणी हलली नाही."

तोंड उघडलं. रेषा विस्कटली. तोंड मिटलं. उंचवटे.

ती थांबत होती तेव्हाच तिला ऐकू येत होतं.

आम्ही दार उघडलं तेव्हा आत ओल्या पाल्याचा, कुजत्या लाकडाचा वास होता. तो तिच्या केसांचाही असेल. मी तेव्हाही तसंच म्हणालो.

चारुदत्त बराच वेळ तिचा पंजा हातात धरून बसला. मग म्हणाला, "दुसरा ग्राफ पाठव ना. कान चांगले आहेत म्हणून."

"त्यावर मशीननेच छापलंय, आवाज बंद."

"मग दोन्ही पाठव. खरं तेच सांग."

"काय सांगू? आवाज केला तर ऐकू येत नाही, न केला तर येतं?"

तो हसला. रडण्याच्या अगदी जवळचं हसला.

दोन्ही पाठवले. कमिटीने दुसरा ग्राफ मशीनचा बिघाड मानला. त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं. बोलणी थांबली. ती आणखी तीन हिवाळे जगली, रोज सकाळी थांबत थांबत गात. त्या थांबण्याच्या वेळी तिच्या पिंजऱ्याजवळ उभं राहणं चारुदत्तने सोडून दिलं होतं. 

आपण एका जिवाची शेवटची सोबत तोडली, हे वर्षानुवर्षं मला झोपू देत नसे. निवृत्त झाल्यावर एका परिषदेत वेन नावाच्या चिनी प्राणिशास्त्रज्ञ बाई भेटल्या. त्या विद्यार्थिनी असताना तो नर त्यांच्याच देखरेखीखाली होता. मी दोन्ही सालं सांगितली, खात्री नाही म्हणालो. त्यांनी परत जाऊन नोंदी पाहिल्या आणि फोन केला. तोही कित्येक वर्षं एकटाच होता, त्या म्हणाल्या, तरी रोज गायचा. आणि इकडच्या पत्रांना त्यांच्या कचेरीतून उत्तरं जात राहिली, कारण कुणी कचेरीला कळवलंच नव्हतं. साल कुठलंही धरलं, तरी आमच्या त्या रविवारच्या आधीच, पानगळीत, तो मेला होता.