प्रत्येकी दोन पाउंड कमी

धाकटी निवड चाचणी हरली आणि थोरली प्रेमात पडली.

हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. असं काही झालेलंच नाही. चाचणीला अजून अडीच महिने आहेत, धाकटी कोर्टवर घाम गाळतेय, आणि थोरली बॅडमिंटन हॉलच्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या खिडकीपुढे तुटक्या तारांची रॅकेट घेऊन उभी आहे. धरलीय अशी, जणू जखमी कोंबडी दवाखान्यात आणलीय.

"काय झालं?" खिडकीतून आवाज आला.

"तुटली."

"ते दिसतंय. कशामुळे?"

"बहीण तेरा वर्षांची आहे आणि तिला राग येतो."

खिडकीतला तरुण हसला नाही. पावतीवर 'कारण' नावाचा एक रकाना होता, जो आजवर कुणीच भरला नव्हता. त्याने त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं — बहिणीला राग येतो. मग मान वर केली. डोळे तपकिरी होते. थोरली चष्म्याच्या दुकानात नोकरीला होती, दिवसाला चाळीस जोड्या डोळे बघायची आणि एकही लक्षात ठेवायची नाही. हे राहिले.

"किती पाउंड?" त्याने विचारलं.

"सव्वीस."

तार किती ओढून बसवायची ते पाउंडात मोजतात. जितकी जास्त ओढलेली, तितका फटका करकरीत, आणि तितकी तार लवकर मरते. धाकटीची आठवड्याला दोनदा मरायची. प्रत्येक वेळी 'टक्' असा बारीक आवाज व्हायचा आणि बाकावर बसलेली थोरली पर्स चाचपायची. हळूहळू तो आवाज तिला सगळीकडे ऐकू यायला लागला. दुकानात चष्म्याची डबी मिटली, टक्. गिऱ्हाइकाने पेनाचं बटण दाबलं, टक्. ती दचकायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, आपला नंबर फारच वाढलाय.

घरात सगळेच दचकत होते, पण प्रत्येक जण स्वतःच्या खोलीत. पालकांच्या ग्रुपवर प्रशिक्षकांचा मेसेज यायचा, 'कृपया नोंद घ्यावी', की आईच्या हातातला डाव थांबायचा. नोंद कसली असणार? नवे बूट. परगावची स्पर्धा. पिसांची शटल महाग झाली. बाबांनी गाडी विकून जुनी मोपेड घेतली आणि "तब्येतीला बरी" म्हणाले. मोपेड तब्येतीला बरी कशी, हे कुणी विचारलं नाही. थोरलीने लॅबचा कोर्स एका वर्षासाठी थांबवला आणि "मलाच कंटाळा आला होता" म्हणाली. सगळी थापाडी मंडळी.

आशा एकच होती, निवड चाचणी. निवड झाली की क्रीडा प्रशिक्षण केंद्र सगळं बघणार. शटल, प्रशिक्षण, प्रवास, सगळं. नाही झाली तर... बाबा एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले होते, "यंदाचं शेवटचं." घड्याळाने कुणाला सांगितलं नाही. थोरलीने मात्र ऐकलं होतं.

म्हणून तिसऱ्या आठवड्यात ती खिडकीवर वाकली आणि हळूच म्हणाली, "दोन पाउंड कमी केले तर तार जास्त टिकेल?"

"टिकेल. पण खेळणाऱ्याला विचारायला हवं."

"तिला नका सांगू. प्लीज..."

त्याने तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ. "खिडकीवर बोललेलं खिडकीतच राहतं. आमच्या धंद्याचा नियम आहे."

"खरंच असा नियम आहे?"

"आत्ताच केला."

तारा टिकायला लागल्या. ही आनंदाची गोष्ट होती आणि मोठीच अडचण. तार तुटली नाही तर खिडकीवर जायचं कशाला? थोरलीने रॅकेटच्या मुठीवरची ग्रिप बदलून मागितली. मग लक्षात आलं की ग्रिपलाही पैसे पडतात.

"हीच काढून परत लावून मिळेल?"

"हीच?"

"हो. जरा... वाकडी वाटतेय."

तारवाला — हॉलमध्ये त्याला सगळे तारवाला म्हणत — तोंडावरची रेषही न हलवता ग्रिप सोडवायचा आणि तीच परत गुंडाळायचा. अशी ती एकच ग्रिप अकरा वेळा लागली. एरवी दोन मिनिटांचं काम, त्याला पंचवीस मिनिटं पुरायची नाहीत.

हॉलमध्ये तिला सगळे ताई म्हणत. धाकटी म्हणायची म्हणून पोरं म्हणायची, पोरं म्हणायची म्हणून प्रशिक्षक, आणि साठीचा वॉचमनसुद्धा "ताई, गाडी आत घ्या" म्हणायचा. तारवाला एकटाच म्हणत नव्हता. "अहो", "जरा इकडे", एकदा तर नुसतं "सव्वीस पाउंड!" अशी हाक मारली. चार जणींनी वळून पाहिलं.

आणि मग धाकटी हरायला लागली.

सराव सामन्यांतच, पण तिसऱ्या गेममध्ये. फटका जायचा तिथे जायचा नाही. प्रशिक्षक ओरडायचे, "स्मॅशला काय झालंय तुझ्या? उशी मारतेस का?" बाकावर थोरली हिशेब करायची. दोन पाउंड. आपण वाचवलेले दोन पाउंड. एका पोरीची सहा वर्षं, आईच्या विकलेल्या बांगड्या, बाबांची गाडी आणि वर आपली दोन पाउंडांची अक्कल. सांगावं तर तोंड उघडेना. रोज ठरवायची आज सांगू, आणि रोज ग्रिप वाकडी निघायची.

चाचणी रविवारी होती. शनिवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती खिडकीवर आली.

"परत सव्वीस करा. आत्ताच्या आत्ता."

तारवाल्याने हातातला चिमटा खाली ठेवला. त्याचा चेहरा तिच्यापेक्षा पांढरा झाला होता.

"मी नियम मोडणार आहे," तो म्हणाला.

"कुठला?"

"मी केलेला. तुम्ही दोन कमी सांगितलेत ना... त्याच आठवड्यात तुमचे बाबा आले. हेल्मेट न काढता. ओळखू येऊ नये म्हणून. म्हणाले, दोन कमी कर, घरी सांगू नको."

"काय?"

"मग आई आल्या. त्यांनीही दोनच."

थोरलीने खिडकीची कड धरली. "म्हणजे वीस?"

"अठरा. चौथ्या माणसाचं नाव मी मरेपर्यंत सांगणार नाही."

"आमच्या घरात चारच माणसं आहेत."

त्याने बोटांवर मोजलं. "...हो. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"तुम्ही एकालाही काही बोलला नाहीत?"

"प्रत्येकाने शपथ घातली. आई रडल्या. बाबांची हेल्मेटच्या आतून नीट ऐकू आली नाही, पण शपथच होती. मला वाटायचं, आता बोलावं. मग वाटायचं, बोललो तर चौघंही एकमेकांसमोर उघडे पडतील. आणि... तुम्ही यायचं बंद कराल. घाबरलो मी."

"मग आज का बोललात?"

तो ग्रिपचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला. "उद्या ती हरली तर तुम्ही त्या बाकावर बसून समजाल, हे मी केलं. मी एकटीने केलं. ते मला इथून बघवलं नसतं."

कोर्टवर बुटांचा चीं-चीं आवाज चालू होता. ट्यूबलाइट गुणगुणत होत्या. थोरलीला वाटलं आपण रडणार, पण तिने भलतंच विचारलं.

"सगळे मला ताई म्हणतात. तुम्ही का नाही म्हणत?"

"तुला माहितीये."

'तुला' हा शब्द खिडकीच्या अलीकडे येऊन पडला. दोघांनी त्याच्याकडे पाहिलं. उचलून परत द्यावा असं कुणाला वाटलं नाही.

"अगं ताई, किती वेळ?" धाकटी बूट हातात घेऊन मागे उभी होती. कधीपासून, देव जाणे.

थोरलीने डोळे मिटले आणि सगळं सांगून टाकलं. आपले दोन, बाबांचे दोन, आईचे दोन. धाकटीने रॅकेट घेतली, अंगठ्याने तारा दाबून पाहिल्या.

"अठरा? माझे धरून अठरा?"

"तू का सांगितलंस कमी करायला?"

"बाबा घड्याळाशी बोलत होते तेव्हा मी टेबलाखाली रबर शोधत होते." तिने नाक पुसलं. "पण तार फारच ढिली लागायची. मला वाटलं ह्याचं मशीन बिघडलंय. बोलणार होते, पण मग ह्याची नोकरी गेली असती. आणि मग तुझं काय झालं असतं?"

थोरलीचे कान तापले. तारवाला अचानक मशीनचा स्क्रू तपासायला लागला. स्क्रूला काहीही झालेलं नव्हतं.

"सव्वीस करू?" त्याने खाली बघतच विचारलं.

धाकटीने तारांवर परत अंगठा फिरवला. तेरा वर्षांच्या चेहऱ्यावर शोभू नये अशी भीती होती ती. "नको. हाताला सवय झालीय. आज बदललं तर उद्या सगळे फटके बाहेर जातील... जातील ना?"

कुणालाच माहीत नव्हतं.

रविवारी तिसरा गेम एकोणीस-एकवीस गेला. शेवटचं शटल जाळीत अडकलं आणि अलीकडेच पडलं. तार काही तुटली नाही. पूर्ण सामन्यात एकदाही नाही. जिंकलेल्या मुलीचे वडील बाकावर डोकं धरून बसले होते. पुढच्या फेरीच्या भीतीने.

धाकटी आली, आणि बाबा म्हणाले, "माझी चूक आहे." आई म्हणाली, "नाही हो, माझी." मग दोघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते बघून धाकटी रडता रडता हसली. तार ढिली होती म्हणून हरली, की समोरची सरस होती म्हणून? हे आता कधीच कळणार नव्हतं. आणि ते न कळणं चौघांनाही घरी घेऊन जायचं होतं.

त्या संध्याकाळी जेवताना बाबा पहिल्यांदाच घड्याळाऐवजी माणसांशी बोलले. परगावच्या स्पर्धा बंद. थोरलीचा कोर्स चालू. खेळ इथेच, याच हॉलमध्ये, जमेल तितका. "मला खेळायचंय," धाकटी म्हणाली, "पण तुम्ही सगळे बाकावर मेल्यासारखे बसणार असाल तर नको." भीती काही गेली नाही. पुढच्या वर्षाचं कुणालाच ठाऊक नव्हतं. पण प्रशिक्षकांचा मेसेज आला तेव्हा चौघंही एकाच खोलीत दचकले.

सोमवारी थोरली खिडकीवर गेली. हातात रॅकेट नव्हती. तारवाल्याने सवयीने ग्रिपसाठी हात पुढे केला, आणि तिने त्यात आपला ठेवला. तो पंचवीस मिनिटं तसाच राहिला.

मग दोघांनी मिळून पावतीच्या मागे एक अर्ज लिहिला आणि हॉलच्या सूचनापेटीत टाकला. त्या पेटीची किल्ली हरवून नऊ वर्षं झालीत.

'मा. सचिव यांस,

विषय : सामना रद्द समजणेबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती की, रविवारी झालेला निवड चाचणीचा सामना झालाच नाही असे अधिकृतरीत्या समजण्यात यावे. मात्र त्याच्या आदल्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी दुरुस्ती खिडकीवर घडलेला प्रसंग जसाच्या तसा दप्तरी कायम ठेवावा. दोन्ही बाबी परस्परांवर अवलंबून असल्यास, कृपया तसे नसल्याचा दाखला द्यावा.

कृपया नोंद घ्यावी.'