बारावी चिंधी

सळई बाहेर आली, पण चिंधी आली नाही!

एर्सिलियाच्या अंगावर सर्रकन काटा आला. टेबलावर आडव्या ठेवलेल्या रायफलीकडे, मग सळईच्या रिकाम्या टोकाकडे आणि मग जुन्या पुठ्ठ्यावर ओळीनं मांडलेल्या वापरलेल्या चिंध्यांकडे तिनं पाहिलं. पुन्हा पुन्हा मोजल्या... अकरा. कापल्या होत्या बारा.

“काय झालं गं ताई?” स्वयंपाकघराच्या दारात पहारा देत उभ्या असलेल्या नासारेनोनं, तिच्या धाकट्या भावानं, कुजबुजत विचारलं.

“एक आत राहिली.”

सदतीस वर्षांचा तो नावाजलेला शिकारी. पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“हळू! ताता उठतील.”

दुपारची वेळ होती. पलीकडच्या खोलीत त्यांचे म्हातारे वडील बासिलिओ झोपले होते, आणि त्यांनी एर्सिलियाच्या हातात रायफल पाहिली असती तर काय झालं असतं, याची कल्पनासुद्धा त्या दोघांना करवत नव्हती.

काल संध्याकाळी काल्देनच्या झाडांच्या रानात नासारेनोची गोळी वीतभर बाजूला गेली होती. रानडुक्कर जखमी होऊन काटवनात शिरलं, आणि ते काटवन शेजारच्या फेर्मीनाबाईच्या विहिरीला लागूनच. ज्यानं जनावर जखमी केलं त्यानंच ते संपवायचं, अशी ला पाम्पाच्या मुलखाची रीत. आज दिवस मावळायच्या आत त्याला जायला हवं होतं, आणि घरात दुसरी रायफल नव्हती.

नेम का चुकला, ते एर्सिलियाला नळीत डोकावताच कळलं होतं. आतल्या आट्यांवर गोळ्यांचं तांबं चिकटून बसलं होतं.

“तू नुसतं वरचं काळं पुसतोस आणि तेल फासतोस!” ती म्हणाली होती. “खाली बघ, दारूच्या काजळीवर तांबं, तांब्यावर पुन्हा काजळी... कांद्यासारखे पापुद्रे!”

“सळई जास्त वेळ आत ठेवायची भीती वाटते गं,” तो खाली मान घालून म्हणाला होता, आणि तिनं सळई स्वतःच्या हातात घेतली होती.

मग तांबं सोडवणाऱ्या अमोनियाच्या उग्र वासानं डोळ्यांत पाणी येत असताना तिनं एकेक चिंधी आत घातली होती. आधी काळ्याकुट्ट आल्या, मग मोरचुदासारख्या निळ्या, मग फिकट होत गेल्या. बारावी पांढरी यायला हवी होती. घाईत ती जाड कापली गेली, आणि सळईवरून निसटून नळीतच अडकली!

नळीत चिंधी असताना गोळी झाडली, की नळी फुटते. या घरात ते कुणाला सांगावं लागत नव्हतं.

काठीचा आवाज आला.

बासिलिओ दारात उभे होते. उजव्या डोळ्याच्या जागी सुरकुतलेली खाच, आणि डाव्या डोळ्यात अंगार.

“हिच्या हातात कुणी दिली?”

“मीच दिली, ताता,” नासारेनो चाचरला.

“किती कापल्यास?” म्हाताऱ्यानं तिलाच विचारलं. किती वर्षांनी ते तिच्याशी थेट बोलत होते!

अकराच कापल्या म्हणावं आणि मोकळं व्हावं... पण या रायफलीमागे तिच्या भावाचा गाल टेकणार होता!

“बारा कापल्या. अकराच बाहेर आल्यात. एक आत आहे.”

“वा! आज मोजता तरी आलं!” म्हातारा कडवट हसला. “एकोणीस वर्षांपूर्वी बाराच्या बारा मांडून ठेवल्या होत्यास बाईसाहेब, आणि तरी नळी फुटून माझा डोळा गेला. चिंध्यासुद्धा मोजता न येणाऱ्या पोरीला मी शिकार शिकवायला निघालो होतो!”

एर्सिलियानं नेहमीसारखी मान खाली घातली. पण नासारेनो एकदम जमिनीवरच बसला, लहान पोरासारखा.

“तिची मोजणी बरोबर होती, ताता! तिनं साफ करून ठेवल्यावर... मी पुन्हा एकदा पुसली. तुम्ही शाबासकी द्याल म्हणून. माझ्या जुन्या चौकडीच्या शर्टाची चिंधी घातली मी... तेरावी! ती अडकली, आणि मला सांगायचा धीरच झाला नाही...”

म्हातारा एर्सिलियाकडे वळला.

“तुला ठाऊक होतं?” त्यानं मुलीला विचारलं.

“अंगणात चौकडीचा जळका तुकडा सापडला होता. मी चुलीत टाकला.”

“का?”

“त्याला तुम्ही घराबाहेर काढलं असतंत. आई जाऊन तीनच महिने झाले होते... अठरा वर्षांचं पोर, कुठं गेलं असतं?”

“आणि तुला मी काय केलं?”

“मला घरातच ठेवलंत, ताता.”

म्हाताऱ्यानं टेबलाची कड घट्ट धरली. एर्सिलियानं नळीच्या तोंडाकडून तेलाचे थेंब सोडले. तेल मुरू दिलं. मग तिनं त्याच बाजूनं सळई हलकेच रेटली... आणि पांढरा बोळा मागच्या टोकातून टपकन टेबलावर पडला. अमोनियाचा अंश पुसून, कोरडी चिंधी फिरवून तिनं नळी खिडकीकडे धरली. आटे लख्ख दिसत होते.

साफ केलेल्या नळीची पहिली गोळी जनावरावर झाडत नाहीत, खांबावर झाडतात. अशाच पहिल्या गोळीला बासिलिओंचा डोळा गेला होता. अंगणात नासारेनोच्या हातात रायफल लटपटू लागली.

“आण इकडे,” म्हातारा पुढे झाला. “माझा एकच उरलाय. गेला तर गेला!”

“नाही!” एर्सिलिया ओरडली. “साफ मी केलीय. झाडणार मीच.”

तिनं गोळी भरली, दस्ता खांद्याला लावला. तेवढ्यात तिच्या गालाला खरखरीत दाढी लागली. बासिलिओ तिच्या गालाला गाल लावून उभे होते, डोळा अगदी नळीपाशी.

“ताता, लांब व्हा! काही झालं तर...”

“साफ आहे म्हणालीस ना?”

“हो...”

“मग झाड.”

धाडकन आवाज झाला. रानातले पोपट कलकलत उठले. एर्सिलियानं मिटलेले डोळे भीत भीत उघडले.

“लागली का हो?”

“मी खांबाकडे बघितलंच नाही, पोरी,” म्हातारा म्हणाला. त्याचा ओला डोळा तिच्यावरच खिळला होता.

“मधोमध!” नासारेनो खांबापाशी धावत जाऊन ओरडला.

“आता निघा,” बासिलिओंनी काठी उचलली. “रायफल ताईकडे राहील. तू तिच्या मागून चालायचं.”

“आणि तुम्ही, ताता?” तिनं विचारलं.

“मी?” म्हातारा दारातल्या बाकावर टेकला. “तू परत येईपर्यंत इथं घाबरत बसतो.”