पान वाढलंय का?

उद्या रात्री सायकली घेऊन त्या जुन्या दगडी पुलावर जाणार म्हणताय? जा. हेरिटेज राइड म्हणायचं आणि पुलावर उभं राहून स्वतःचेच फोटो काढायचे, एवढंच तर करायचं असतं. श्याम, तो फोन खाली ठेव, म्हणजे सांगतो.

हे माझ्या बाबतीत घडलेलं नाही. ऑफिसात वीस वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा त्या श्रीधरच्या बाबतीत घडलं. श्रीधर कसब्यात राहायचा. रचून काही सांगण्याइतकी कल्पनाशक्ती त्याच्याकडे नव्हती, हे मी लिहून देतो.

दोन हजार अकरा साल. पौषातली संकष्टी, शनिवार. चंद्रोदय नऊच्या पुढे होता. श्रीधरची आई मथुराबाई गुडघ्यांपायी कसब्यातले जिने सोडून नदीपलीकडे लेकीकडे, वासंतीकडे, राहायला गेली होती. तिथं लिफ्ट होती. म्हातारीला मधुमेह, रोज इंजेक्शन. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं होतं, पण ऐकेल तर शपथ. चंद्र उगवल्याशिवाय पाणीसुद्धा नाही, आणि खायचं तेही कसब्यातल्या घरच्या गणपतीला नैवेद्य दाखवलेलंच. नवरा गेल्यापासून तिनं एक संकष्टी मोडली नव्हती. तो कसा गेला, हे मात्र तिनं मुलांना कधी सांगितलं नाही. श्रीधर तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि वासंती पोटात.

साडेआठच्या सुमारास वासंतीचा फोन आला. आईला घाम फुटलाय, हात थरथरतायत, दूध पुढं केलं तर तोंड फिरवतेय, दादा, डबा घेऊन लवकर ये. श्रीधरच्या बायकोनं, श्यामलावहिनींनी, घाईघाईनं डबा भरला. वरण-भात, बटाट्याची भाजी, उकडीचे मोदक. तो खाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं की तुपाची वाटी ओट्यावरच राहिली. त्यांनी खिडकीतून हाक मारली. राहू दे आता, म्हणाला हा.

तोवर त्याचं डोकं फिरलेलंच होतं. आईचा हट्ट, वासंतीची रडारड, त्यात स्कूटर सुरू होईना. किका मारून मारून पाय दुखला, तेव्हा त्यानं मुलाची सायकल काढली. डब्याची पिशवी हँडलला अडकवली. नव्या पुलाशी येतो तर रस्ता खणलेला, गाड्या एकमेकींत अडकलेल्या, सगळे हॉर्न वाजवतायत आणि कुणीही मागं सरकत नाही. मग तो वळला जुन्या पुलाकडे. तो तेव्हाही फक्त चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांनाच खुला होता. तोंडाशी लोखंडी खांब. त्यांत पेडल अडकलं. शिव्या देत त्यानं सायकल उचलून पलीकडे ठेवली.

पुलावर धुकं होतं. एरवी त्या वेळी फिरायला आलेली पाच-पन्नास माणसं असतात. त्या दिवशी कुणी नव्हतं.

एकच माणूस होता, पुढं चाललेला. धोतर, वर काळा कोट, पायांत काही नाही. पुलाच्या बरोबर मधून चालला होता, सावकाश. श्रीधरनं घंटी वाजवली. तो सरकला नाही. श्रीधर डावीकडून काढायला गेला तर तो डावीकडे. उजवीकडून गेला तर उजवीकडे. पुन्हा घंटी. पुन्हा तेच. हा पेडल मारतोय, तो पाय उचलतोय, आणि दोघांतलं अंतर तेवढंच. पूलही संपत नव्हता. आई तिकडं उपाशी, आणि हा शहाणा इथं शतपावली घालतोय. श्रीधर सायकलवरून उतरला.

"अहो, जरा सरकता का? घाई आहे."

माणूस थांबला. वळला नाही. नदीकडे बघत राहिला.

"चंद्र उगवला का हो?"

आवाज तरुण होता. तिशीतला असेल.

श्रीधरनं वर पाहिलं. नुसतं धुकं. घड्याळात नऊ वाजून गेले होते. कुणाशी बोलतोय, कुठे बोलतोय, त्याला कसलंच भान नव्हतं. फक्त राग होता.

"उगवला. घरी जा आणि जेवा."

खाली पाण्याचा आवाज होता... तोही थांबला.

"घरी... पान वाढलंय का?"

"वाढलंय हो, वाढलंय. सरका आता."

माणूस बाजूला झाला. कठड्याकडे. श्रीधर शेजारून गेला. अगदी शेजारून. त्यानं मान वळवून पाहिलं...

कठडा होता. धुकं होतं.

त्यानं सायकलवर टांग टाकून पेडल मारलं. हँडल हलकं लागत होतं. पिशवीकडे बघायचा धीर झाला नाही. वासंतीच्या दाराशी पोचेपर्यंत तो एकदाही थांबला नाही.

आई पलंगावर बसली होती. वासंतीनं डबा उघडला. भाताचा पुडा रिकामा. भाजीचा रिकामा. चाटूनपुसून खाल्लेले. झाकणावर भाताच्या चित्राहुती घातलेल्या, भोवती पाण्याची रेघ. अजून ओली. सगळ्यांत खालच्या पुड्यात एकच मोदक उरला होता.

वासंती दादावर चिडली. म्हणाली, वाटेत बसून जेवलास का रे? श्रीधरनं सगळं सांगितलं. अडखळत सांगितलं. आई ऐकत होती.

"वय काय असेल?" तिनं विचारलं.

"तीस. माझ्याहून पुष्कळ लहान."

आई म्हणाली, "आपल्या गल्लीतून चंद्र दिसत नाही. पुलावरून बघून येतो म्हणाले. मी पान वाढून बसले होते."

तिनं पुडा मांडीवर घेतला. शेवटचा मोदक नेहमी माझ्यासाठी ठेवायचे, म्हणाली. खाऊ नको आई, म्हणून वासंतीनं हात धरला. तिनं तो बाजूला केला आणि मोदक खाल्ला. सावकाश, शेवटच्या घासापर्यंत. थोड्या वेळानं हातांची थरथर थांबली. त्यानंतर तिनं संकष्टी धरली नाही. का, ते कुणी विचारलं नाही.

एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, वैतागलेला माणूस, रात्रीची वेळ, झाला असेल भास. पण तो मोदक श्रीधरनं डोळ्यांनी पाहिला होता. टोक मोडलेलं होतं. आत तूप होतं. पातळ, गरम, वाफ येणारं.

तो घरी परतला तेव्हा अकरा वाजून गेले होते. चप्पलसुद्धा न काढता तो आधी स्वयंपाकघरात गेला.

तुपाची वाटी ओट्यावरच होती. काठोकाठ भरलेली. थंडीनं थिजलेली.