तिसऱ्या खांबाच्या पोटात

मर्टल बाईंना हवं होतं फक्त एक नाव, आणि तेही स्वतःचंच.

टॅलाविराच्या शाळेला शंभर वर्षं होत होती. दर्शनी सहा खांबांखाली शनिवारी फलक लागणार होता: शाळेत पाऊल टाकलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, सोनेरी अक्षरांत. मर्टलचं त्यात नव्हतं.

"मी सात वर्षांची होते. दोन-तीन आठवडे गेले असेन," तिनं गावातल्या हरवलेल्या गोष्टी शोधून देणाऱ्या हेडी क्विल्टीला सांगितलं. "मग हेडमास्तर म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस. का, ते आजवर कुणी सांगितलं नाही. गोऱ्या मुलांत आमच्या मूलनिवासी वस्तीतली मी एकटीच होते. आता शाळा म्हणते, पुरावा आणा. सोमवारी मी त्या सालचं दाखल-खारिज रजिस्टर मागितलं. मंगळवारी ते गायब."

गावात सगळे तिला 'आंटी मर्टल' म्हणत. मान फुकट देता येतो, नाव द्यायला पुरावा लागतो.

हेडी निघाली, सोबत तिचा मेहुणा लेस, निवृत्त खाटीक. त्याचं डोकं हळू चालायचं, पण गाडी वेळेवर.

मुख्याध्यापिका ड्रेपरबाई म्हणाल्या, कपाटाच्या किल्ल्या तिघांकडे: त्या स्वतः, शिपाई स्टॅन, आणि निवृत्त शिक्षक क्लाइव्ह पॅस्को. त्यांना बदलून येऊन वर्षही झालं नव्हतं. जुन्या पापांची त्यांना माहितीच नव्हती.

स्टॅन गवत कापत होता. त्याचं एकच रडगाणं. "मी संडास धुवायचे आणि गवत कापायचं. खांबांना हात लावायची सोय नाही. दर वसंतात पॅस्को साहेब स्वतः रंगवतात, फुकट."

पाय दुखतात म्हणून लेस पहिल्या खांबाला टेकला आणि त्याच्या स्वेटरचा धागा निघाला. शिव्या देत तो तिसऱ्याला टेकून पायथ्यापर्यंत घसरत बसला. तिथे काहीच अडकलं नाही.

पॅस्को इमारतीचा इतिहास लिहीत होता. त्याच्या वडिलांनी इथे वीस वर्षं हेडमास्तरकी केली होती. "अस्सल वालुकाश्म," तो खांबांकडे हात करून म्हणाला. "टेकडीवरून बैलांनी ओढून आणलाय." मर्टलचा विषय निघाला तसा तो खिडकीकडे वळला. "अकरा दिवस आलेल्या मुलीसाठी सगळा फलक पुन्हा रंगवायचा?"

गुरुवारी हेडीनं सगळ्यांना खांबांपाशी बोलावलं.

"लेस, स्वेटर कुठे उसवला?"

"पहिल्या खांबाला. तिसरा बरा आहे, गुळगुळीत."

"दगडाला दरवर्षी कोण रंग लावतं? हे खांब लाकडी आहेत, आतून पोकळ. दगडासारखे दिसावेत म्हणून ओल्या रंगावर वाळू मारतात. तिसऱ्याच्या पायथ्याला वाळू नाही. कुणीतरी घाईत रंग लावलाय. खांबांना हात लावतो एकच माणूस, आणि तो छातीठोकपणे दगड म्हणतो. आंटी मर्टल म्हणाल्या दोन-तीन आठवडे. नेमके अकरा दिवस रजिस्टर वाचणाऱ्यालाच कळणार. लेस, स्क्रूड्रायव्हर."

फळी निघाली. आत रजिस्टर होतं. शेवटच्या रकान्यात हेडमास्तर पॅस्कोंचं वळणदार अक्षर: शाळा सोडल्याचं कारण, पालकांची मागणी. सोबत टाचलेल्या पालकांच्या अर्जावर पहिली सही, सौ. पॅस्को.

क्लाइव्ह पायरीवर बसला.

"अकरा मी रजिस्टरमधून घेतले नाहीत. तेवढं तुमचं चुकलं, बाई. बाराव्या दिवशी माझ्या शेजारची जागा रिकामी होती." तो मर्टलकडे बघत नव्हता. "मीच घरी जेवताना सांगितलं होतं, मर्टल तिचा पाव मला देते म्हणून. खुशीत सांगितलं होतं. आईनं माझं तोंड धुतलं, आणि मग अर्ज लिहायला कागद काढला."

मर्टलनं त्या सहीवर बोट ठेवलं.

"त्रेपन्न वर्षं मला वाटत होतं, माझ्याच हातून काही झालं," ती म्हणाली. "आईनं त्यावरून मला बडवलंसुद्धा. आणि तू, क्लाइव्ह, दुकानात भेटलास की टोपी उचलत होतास."



शनिवारी फलक लागला. प्रत्येक नावापुढे आल्याचं आणि गेल्याचं साल होतं. मर्टल म्हणाली होती, माझ्यापुढे 'अकरा दिवस' लिहा. समितीनं विचार केला, चहा घेतला, आणि तसा रकाना नाही असं कळवलं.

लेसनं फलक हळूहळू वाचला. मर्टल डन, १९४१–१९४१.

तान्ह्या पोराच्या थडग्यावर असंच लिहितात, हे तेवढं त्याला लगेच कळलं.